गोमाला जामीन कोण?

माझ्या नोकरीचं नाव माझ्या वडिलांना शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही. ‘प्रोबेशन ऑफिसर’ असं मी त्यांना दोन-तीनदा सांगून पाहिलं. ते ‘परबेशन’ म्हणायचे आणि पुढचा शब्द सोडून द्यायचे. माणगावच्या बाजारात कोणी विचारलं की मुलगा काय करतो, तर सांगायचे, “कोडतात हाय. गुन्हेगारांची सुखदुःखं इचारतो.” एकदा मला म्हणाले, “आन येवढ्यासाठी बी. ए. व्हावं लागतं व्हय रे?” ते थट्टेने बोलले होते.

आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी मॅट्रिकसुद्धा झालेलं नव्हतं. भातशेती, आणि चार महिने मुंबईत हमाली, एवढंच माहीत. माणगावच्या शाळेतल्या हेडमास्तरांनी वडिलांना घरी येऊन समजावलं, एका वसतिगृहाने ठेवून घेतलं, कॉलेजात फी माफ झाली. हे सगळे लोक माझे कोणी लागत नव्हते. या कृतज्ञतेपायीच मी ही नोकरी धरली असावी. कोणी ना कोणी आपल्यासाठी उभं राहिलं की माणसाचं आयुष्य वळतं, यावर माझा फार भाबडा विश्वास होता. अजूनही आहे, पण आता त्याला थोडे चरे पडले आहेत.

काम काय, ते आधी सांगतो, कारण शिकलेल्या माणसांनाही ते ठाऊक नसतं. एखाद्याने पहिल्यांदाच गुन्हा केला असेल आणि गुन्हा फार भयंकर नसेल, तर त्याला तुरुंगात न पाठवता चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडता येतं. पण सोडण्याआधी कोर्टाला कळायला हवं की हा माणूस कोण, कुठे वाढला, कोणात राहतो, परत गेला तर त्याला कोण सांभाळेल. ते शोधून अहवाल द्यायचा. मी पोलीस नव्हतो आणि वकीलही नव्हतो. आरोपीला वाटायचं मी सरकारचा, सरकारी वकिलांना वाटायचं मी आरोपीचा. त्यामुळे कोर्टाच्या आवारात चहा मी बहुधा एकट्यानेच घेत असे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एकाने देवळातली घंटा चोरली होती आणि ती घरी टांगून रोज आरतीला वाजवत होता. दुसरा एक सुटल्यानंतर दर महिन्याला मला भेटायला आला की आधी माझीच चौकशी करायचा. जेवण नीट होतंय ना, लग्नाचं काय झालं. त्याच्या वागणुकीवर देखरेख माझी होती, पण प्रत्यक्षात देखरेख तोच करत होता. अशा गोष्टी सांगून मी मित्रांना पुष्कळ हसवलं आहे. गोमाची गोष्ट मात्र मी कोणाला फारशी सांगितली नाही. ती साठ सालाच्या आगेमागे घडली. तेव्हा आमच्या जिल्ह्याला कुलाबा म्हणत.

गोमा कातकरी होता. दिघीच्या अलीकडे, समुद्राच्या अंगाला एक नारळी-पोफळींचं गाव आहे. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तसलं गाव एकच नाही. तिथल्या नाना खोतांच्या वाडीची राखण गोमा करायचा. खोती कायद्याने गेली होती, पण हाक तीच राहिली होती. गोमाची झोपडी वाडीच्या गडग्याबाहेर, म्हणजे दगडी कुंपणाबाहेर, ओढ्याच्या पलीकडे. गावात मोजली जाणारी शेवटची घरं संपली की मध्ये मोकळा माळ, आणि मग कातकऱ्यांची चार खोपटी.

राखण मुख्यतः वानरांपासून. वानरांची टोळी एकदा वाडीत उतरली की कोवळे नारळ फेकते, केळीचे कोके मोडते, सगळी नासधूस करते. पण वानर म्हणजे मारुतीरायाची जात. गावातला कोणीही माणूस वानर मारणार नाही. मग गोमाला सांगायचं. सांगायचं म्हणजे तोंडाने नाही. नाना फक्त म्हणायचे, “गोमा, यंदा वानरं फार झालीत हो,” आणि घरात निघून जायचे. गोमा तीरकामठा घेऊन निघायचा. दुसऱ्या दिवशी नाना मारुतीला नारळ फोडायचे. मेलेल्या वानराचं पुढे काय झालं ते कोणी गोमाला विचारत नसे, पण ते काय होतं हे सगळं गाव एकमेकांना सांगत असे. सांगताना तोंड वाकडं करत असे. पाप गोमाकडे गेलं, नारळ घरात राहिले, आणि वर किळस यायची तीही गोमाचीच.

यातून गावाने एक करमणूक काढली होती. संध्याकाळी दोन-चार पोरं गडग्यावरच्या आंब्यावर चढायची, फांद्या गदागदा हलवायची आणि वानरासारखा हुप्प-हुप्प आवाज काढायची. गोमा पलीकडून धावत यायचा. मग गडग्यामागून हशा. हे वर्षानुवर्षं चालू होतं. आधीची पोरं मोठी होऊन मुंबईला गेली, त्यांच्या जागी नवी आली. मे महिन्यात मुंबईकर पाहुणे आले की त्यांनाही हा खेळ दाखवत. म्हातारी माणसंही ओटीवर बसून हसायची. कोणालाच यात वाईट काही दिसत नव्हतं, आणि गोमाने कधी तोंडातून शब्द काढला नव्हता.

त्या दिवशी त्याने बाण सोडला. झाडावर शांताराम होता, जनाकाकूंचा वीस-एकवीस वर्षांचा मुलगा. जनाकाकू विधवा, एक घर आणि पाच-सात माड, एवढीच त्यांची मालमत्ता. बाण शांतारामाच्या मांडीला चाटून गेला, ती जखम फार नव्हती. पण तो खाली दगडांवर पडला आणि पाय मोडला. तो पाय पुढे सरळ बसला नाही. गोमा पळाला नाही. पोलीस येईपर्यंत ओढ्याकाठी बसून होता.

माझ्याकडे केस आली तेव्हा तो कोठडीत होता, कारण त्याला जामीन द्यायला कोणी आलं नव्हतं. मी आधी गावात गेलो. गावाने माझं स्वागत चांगलं केलं. नानांनी ओटीवर बसवलं, कोकमचं सरबत दिलं. नाना वाचणारे होते. मुंबईचं वर्तमानपत्र त्यांच्याकडे दोन दिवस उशिरा येई, पण ते अथपासून इतिपर्यंत वाचलं जाई. बोलता बोलता त्यांनी मला परदेशातली एक बातमी वाचून दाखवली, गोऱ्यांच्या खाणावळीत काळ्या विद्यार्थ्यांना कसं बसू देत नाहीत त्याची. त्यांच्या आवाजात खरं दुःख होतं. “माणसाने माणसाशी असं वागावं? आणि हे म्हणे सुधारलेले देश,” असं ते म्हणाले. मी संधी साधून म्हटलं की नाना, गोमाच्या बाबतीतही लोक थोडंफार तसंच वागले. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, “छे छे, ते वेगळं. ही जातच रानातली. त्यांना त्याचं काही वाटत नाही हो.”

मग ते मूळ मुद्द्यावर आले. गावाचं असं ठरलं होतं की गोमाला तुरुंगात जाऊ द्यायचं नाही. इतक्या वर्षांचा राखणदार, बायको-मुलगी आहे. त्याने कोर्टात एवढंच सांगावं की वानर समजून बाण सोडला. संध्याकाळची वेळ, फांदी हलली, आवाज आला, चूक झाली. शांतारामही तसंच सांगायला तयार होता, किंबहुना पोलिसांना त्याने तसंच सांगितलं होतं. मग नाना स्वतः जामीन राहणार होते. “रानटी माणूस, त्याला माणूस-माकड काय कळतंय, असं साहेबांना पटवा म्हणजे झालं,” नाना म्हणाले.

मला खोटं बोलायचं नाही, मला तेव्हा आनंद झाला. जामीनदार मिळणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड. कायद्याला एक माणूस हवा असतो, ज्याचं कायमचं घर आहे आणि जो म्हणतो की याची हमी मी घेतो. गोमासाठी असा माणूस मिळणार नाही, असं मी धरूनच चाललो होतो, आणि इथे खुद्द खोत तयार.

गोमाच्या झोपडीकडेही गेलो. त्याची बायको बोलली नाही. मुलगी, सोळा-सतरा वर्षांची, तिने तेवढं सांगितलं. त्या दिवशी तिला बघायला पाहुणे आले होते. रोह्याकडचे. गोमाने त्यांना सांगितलं होतं की मी नानांच्या वाडीचा राखणदार, गावात मला मान आहे. पाहुणे खोपटापुढे बसले होते आणि आंब्यावरून आवाज आला. पाहुणे म्हणाले, वानर आलंय वाटतं. गोमा म्हणाला, येऊ दे. पुन्हा आवाज आला. मग गडग्यामागून कोणीतरी ओरडलं, “अरं ये की गोम्या, जेवन आलाय तुजा.” आणि हशा. पाहुण्यांनी माना खाली घातल्या.

मी विचारलं, पाहुणे पुन्हा आले का? ती म्हणाली, “न्हाय.”

दुसऱ्या दिवशी मी कोठडीत गोमाला भेटलो. बुटका, काटक, पन्नाशीचा माणूस. मी त्याला सगळं समजावलं. नाना जामीन राहतील, शांताराम तुझ्या बाजूने बोलेल, तू एवढं एक वाक्य सांग. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “ता खोटा हाय.”

मी म्हटलं, गोमा, खोटं-खरं मी सांगत नाही. मला फक्त काय झालं ते सांग, मी ते लिहीन.

“वानर आन मानूस, आवाजात फरक कळत न्हाय मला? ल्हान पोरालाबी कळतो. साहेब, वानराचा कंदी राग येत न्हाय. नासधूस करतो, तरीबी न्हाय. राग मानसाचा येतो. मी मानूस समजूनच मारला.”

“मग इतकी वर्षं धावत का जायचास? तुला माहीत होतं ना, पोरं आहेत म्हणून?”

“न गेला तर नाना म्हनतील, राखन करत न्हाय.”

मी त्याला परिणाम सांगितले. तू असं बोललास तर नाना मागे हटतील. जामीन नाही तर सुटका नाही. बायको-मुलीचं काय? तो भिंतीकडे बघत राहिला. त्याला तुरुंगाची भीती वाटत होती, हे मला स्पष्ट दिसत होतं. कातकऱ्याला चार भिंतींत कोंडणं म्हणजे काय, ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. हात सारखे गुडघ्यांवरून फिरत होते. पण त्याने शब्द फिरवला नाही, आणि मीही पुन्हा आग्रह केला नाही.

अहवाल लिहायला मला दोन रात्री लागल्या. गुन्ह्याची कारणं लिहिताना आम्ही साधारण दारिद्र्य, वाईट संगत, रागीट स्वभाव असं काहीतरी लिहीत असू. मी सगळं लिहिलं. वानरं, नारळ, आंबा, मुंबईकर पाहुणे, रोह्याचे पाहुणे. मॅजिस्ट्रेट साहेबांनी मला चेंबरमध्ये बोलावलं. देशावरचे गृहस्थ, कोरडे पण सरळ. ते म्हणाले, “तुमच्या अहवालात आरोपी थोडा आणि गावच फार आहे.” मी म्हटलं, तसंच घडलंय साहेब. ते म्हणाले, “असेलही. पण बाण एकाने मारला. गावावर मी समन्स काढू शकत नाही. आणि सगळ्यांनीच केलं असं म्हटलं की पुष्कळदा कोणीच केलं नाही असं होतं. मला कोणीतरी एक माणूस आणून द्या.”

मला तेव्हा त्यांचा राग आला. आता वाटतं, त्यांनी अख्ख्या प्रश्नाची अडचण मोजक्या शब्दांत सांगितली होती.

साहेबांचं कोर्ट खाडीपलीकडे भरायचं. तारखेला दिघीहून लाँचने सगळं गाव आगरदांड्याला उतरलं आणि पुढे कोर्टात आलं. नाना, पोलीस पाटील, आंब्यावरची पोरं, जनाकाकू, काठी टेकत शांताराम. कोर्टाची खोली लहान. अर्धे लोक दारात उभे.

गोमाने गुन्हा कबूल केला. साहेबांनी विचारलं, वानर समजून मारलं का? सगळं गाव त्याच्या तोंडाकडे पाहत होतं. पाटलांनी तर मान हलवून खूणसुद्धा केली. गोमा म्हणाला, “न्हाय. शांताराम हुता. मला दिसत हुता.”

खोलीत कुजबुज झाली. नानांनी उपरणं सारखं केलं आणि ते सावकाश मागे सरकून दारातल्या लोकांत मिसळले. एवढंच. त्यावरूनच मला कळलं की आता जामीनदार गेला.

मग शांतारामाची पाळी. तो म्हणाला, मी आंब्यावर चढलो होतो, आवाज काढला, गोमाला वाटलं असेल वानर आहे.

“कसा आवाज काढलास?” साहेबांनी विचारलं.

“वानरासारखा.”

“काढून दाखव.”

शांताराम हसला. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, “अहवालात आरोपीचं म्हणणं आहे की आवाज माणसाचाच होता. मला ऐकायचाय. काढ.”

शांतारामाने तोंड उघडलं. पुढे बाकावर आई बसलेली, मागे मित्र, आणि समोर चार पावलांवर गोमा. तो आवाज त्याने किती वेळा काढला असेल. पण त्या खोलीत तो त्याच्या तोंडातून निघेना. पुन्हा प्रयत्न केला. कान लाल झाले. शेवटी त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, “न्हाय जमत, साहेब.”

“का जमत नाही?”

त्याने एकदा गोमाकडे पाहिलं. मग म्हणाला, “त्याच्या तोंडावर कसा काढू?” आणि थोड्या वेळाने आपणहून, “आम्ही रोजच करायचो. सगलेच. मोठी मानसा पन हसायची.”

गावातलं सगळ्यात मोठं वाक्य त्या दिवशी त्या पोराने उच्चारलं. मागे कोणीतरी खाकरलं. साहेबांनी गोमाला दोषी ठरवलं आणि पुढे म्हणाले की अहवाल पाहता याला हमीवर सोडायला माझी तयारी आहे, जामीनदार कोण? कोणी बोललं नाही. त्यांनी दाराकडे पाहून पुन्हा विचारलं. दारातली गर्दी तोवर पांगली होती. मला नियमाने जामीन राहता येत नव्हतं. साहेबांनी चार दिवसांनंतरची तारीख दिली. तोवर कोणी आलं नाही तर तुरुंग.

परतीच्या लाँचमध्ये मी गावाबरोबरच चढलो. मला आणखी एकदा घरोघर जाऊन विचारायचं होतं. लाँच भरलेली, पण शांताराम जिथे बसला होता तिथे त्याच्या दोन्ही बाजूंची फळी रिकामी होती. जनाकाकू त्याच्यापुढे खाली बसल्या होत्या. मी जाऊन त्याच्या शेजारी बसलो. त्याने विचारलं की जामीन मला राहता येईल का. मी म्हटलं, घर तुझ्या नावावर आहे का? नव्हतं.

खाडीच्या मध्यावर आलो असू. फक्त इंजिनाचा आवाज. आणि गर्दीतून कोणीतरी हळूच, अगदी हुबेहूब, तो आवाज काढला. हुप्प. मग पुन्हा एकदा. कोणीतरी हसलं, मग चार-पाच जण हसले.

शांताराम हलला नाही. जनाकाकू उठल्या. हलत्या लाँचमध्ये एका हाताने खांब धरून त्यांनी विचारलं, “कुनी क्येला?”

सगळे पाण्याकडे बघायला लागले. नानाही.

“माज्या पोराला कुनी क्येला ता सांगा. तोंड हाय ना?”

“वानर असल, काकू,” मागून कोणीतरी बोललं, आणि पुन्हा हसू फुटलं.

जनाकाकू एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. त्यातल्या पोरांना त्यांनी लहानाचं मोठं होताना पाहिलं होतं. कित्येकांच्या आयांच्या बाळंतपणाला त्या गेल्या होत्या. आणि त्या हसण्यात त्याही इतकी वर्षं कधीतरी सामील असणारच. गावातच राहत होत्या. काय वाटलं असेल त्यांना, मी सांगू शकत नाही. त्या पुन्हा शांतारामापुढे खाली बसल्या.

पुढचे दोन दिवस मी घरोघर फिरलो. कोणी दार लावलं नाही. सगळ्यांनी बसवलं, चहा दिला. एकाने सांगितलं, भावाला विचारतो. एकाने सांगितलं, नाना राहिले असते तर मीही राहिलो असतो. नाना म्हणाले, “मी तयार होतो, तुम्ही साक्षी आहात. त्यालाच नको असेल तर मी काय करणार?” गोमाने आपल्याला फसवलं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. एकजणही दुष्ट नव्हता. हे लिहिताना मला आजही एकटं वाटतं. दुष्ट माणूस भेटला असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

जनाकाकूंच्या घरी मी गेलो नाही. ज्या बाईच्या मुलाचा पाय गेला तिला हे विचारायचं, एवढा धीर मला नव्हता.

तारखेच्या दिवशी मी कोर्टात लवकर जाऊन बसलो. गोमाला आणलं. त्याने एकदा खोलीभर नजर फिरवली आणि मग पायांकडे पाहत उभा राहिला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ते लिहायला वाकले, तेवढ्यात दारात जनाकाकू आल्या. मागे शांताराम काठीवर. दोघांचीही लाँच चुकली होती. एका मचव्यातून, म्हणजे शिडाच्या होडीतून, आले होते आणि काकूंचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं. हातात घराच्या पट्टीच्या पावत्यांची पुरचुंडी.

“मी ऱ्हाते,” त्या म्हणाल्या.

साहेबांना आधी कळलं नाही. मी उठून सांगितलं, या फिर्यादीच्या आई. साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, “बाई, या माणसाने तुमच्या मुलाला जन्माचं अधू केलं. तुम्हाला समजतंय ना, तो पुन्हा काही वावगं वागला तर जबाबदारी तुमच्यावर येईल?”

“व्हय.”

“मग कशासाठी राहता?”

त्यांनी पदर सारखा केला. “लाँचीत कुनीच कबूल जाला न्हाय,” त्या म्हणाल्या. “सगली व्हती आन कुनीच नव्हता. मंग मी म्हटला, कुनीतरी व्हायाला व्हवा.”

साहेबांनी जास्त विचारलं नाही. लाँचीचं प्रकरण त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मी ते सांगितलं नाही. कारकुनाने जामीनपत्र पुढे ओढलं. नाव, वय, राहणार कुठे. मग सवयीने विचारलं, “आरोपी तुमचा कोण?”

जनाकाकूंनी गोमाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच इतक्या जवळून.

“गावचा,” त्या म्हणाल्या.

कारकून साहेबांकडे बघायला लागला. नात्याच्या जागी असलं काही त्याने कधी लिहिलं नव्हतं. साहेब म्हणाले, “लिहा.”

अंगठा झाला. गोमा सुटला. त्याने कोणाला हात जोडले नाहीत, रडलाही नाही. मी त्याला अटी समजावल्या, दर महिन्याला मी येईन म्हणालो, त्याने मान हलवली. ते तिघे आवाराबाहेर पडले तेव्हा मी व्हरांड्यात उभा होतो. दुपारचं ऊन, रस्ता मोकळा. जनाकाकू पुढे, त्यांच्यामागे शांताराम लंगडत. गोमा त्यांच्यापासून दहा-बारा हात मागे, कातकरी गावातल्या माणसामागे नेहमी चालतो तेवढ्या अंतरावर.

थोडं पुढे गेल्यावर जनाकाकूंनी मागे वळून पाहिलं आणि त्या थांबल्या. त्याने गाठावं म्हणून. त्या थांबल्या तसा गोमाही थांबला. त्याला वाटलं असावं, त्यांना काही हवंय. त्यांनी हाताने ये अशी खूण केली. तो दोन पावलं पुढे आला आणि पुन्हा उभा राहिला. शांताराम दोघांच्या मधोमध, काठीवर रेलून, एकदा इकडे आणि एकदा तिकडे पाहत होता.

तेवढ्यात पट्टेवाल्याने आतून माझ्या पुढच्या केसचा पुकारा केला, आणि मला आत जावं लागलं.